रिकाम्या जागा अचूक भरता, मग ईमेलमध्ये चुका का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमातून, वय ३४, अंधेरीत अकाउंट्सचं काम, रोजचा प्रवास डोंबिवली ते घाटकोपर लोकलने आणि पुढे मेट्रोने. मध्यम पातळीचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक दोनदा संपवलंत. सरावात २० पैकी १७-१८ बरोबर येतात, पण साहेबांना ईमेल लिहिताना आणि लंडनच्या ऑफिसशी कॉलवर बोलताना त्याच त्याच चुका होतात. "पुस्तक तिसऱ्यांदा करू का?" असं तुम्ही विचारलंय आणि नमुना म्हणून स्वतःच्या एका ईमेलमधली पाच वाक्यं पाठवलीत:

"आय हॅव सबमिटेड द रिपोर्ट यस्टर्डे. आय ॲम हँडलिंग धिस वर्क सिन्स सिक्स इयर्स. इफ आय वुड हॅव द ओल्ड फाइल्स, आय वुड फिनिश इट लास्ट वीक. प्लीज टेल मी व्हेन विल द मीटिंग स्टार्ट. आय नीड रिपोर्ट ऑफ मार्च मंथ फॉर गिव्हिंग द फीडबॅक्स."

पुस्तक तिसऱ्यांदा करू नका. निदान तसंच, पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत करू नका. गेली २६ वर्षं मी दादरला नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग घेते आहे आणि तुमच्यासारखे विद्यार्थी दर बॅचमध्ये असतात. अभ्यासू असतात, वह्या भरलेल्या असतात, नियम विचारला की घडाघडा सांगतात. त्यांना नियम येत नाही असं नसतंच. पण पुस्तकात ज्या गोष्टीचा सराव झालेला असतो, ती गोष्ट ईमेल लिहिताना लागतच नाही.

पुस्तक कसं असतं बघा. धड्याचं नाव "प्रेझेंट परफेक्ट". खाली दहा रिकाम्या जागा, कंसात क्रियापद. आता त्या दहाही जागांत काय येणार हे धड्याचं नावच सांगून टाकतं. "हॅव" की "हॅज" एवढंच ठरवायचं उरतं. ईमेल लिहिताना मात्र धड्याचं नाव नसतं आणि रिकामी जागाही नसते. इथे काळ निवडायचा आहे, इथे दोन वाटा आहेत, हे आधी स्वतःच्या लक्षात यावं लागतं. ती निवड तुम्ही कधी केलेलीच नाही, म्हणून ऐन वेळी मराठी पुढे येते आणि आपल्या पद्धतीने निवडून मोकळी होते.

तुमची पाचही वाक्यं मराठीत करून वाचा. एकही चुकीचं वाटणार नाही. म्हणून मला ती आवडली. चुका कुठून येतात ते त्यांत स्वच्छ दिसतं.

पहिलं वाक्य. "रिपोर्ट मी कालच पाठवलाय." अस्सल मराठी. "तुला परवाच सांगितलंय ना!" असं आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. मराठीतला पूर्ण वर्तमानकाळ "काल", "परवा", "गेल्या वर्षी" यांच्या शेजारी सुखाने बसतो. इंग्रजीतला बसत नाही. "हॅव सबमिटेड" म्हणताना बोलणाऱ्याची नजर आत्तावर असते: रिपोर्ट गेलाय, तुम्ही आत्ता तो उघडून बघू शकता. "यस्टर्डे" म्हटलं की नजर संपलेल्या दिवसाकडे वळते. एका वाक्यात दोन्हीकडे बघता येत नाही. म्हणून एक तर "आय हॅव सबमिटेड द रिपोर्ट", नाहीतर "आय सबमिटेड द रिपोर्ट यस्टर्डे".

वर्गात मी एकच प्रश्न विचारायला लावते: मी सांगतोय ती वेळ संपली का? सकाळी अकरा वाजता "धिस मॉर्निंग" अजून चालू आहे, म्हणून "हॅव यू सीन द मॅनेजर धिस मॉर्निंग?" दुपारी चार वाजता ती सकाळ संपली, म्हणून "डिड यू सी द मॅनेजर धिस मॉर्निंग?" शब्द तेच, घड्याळ बदललं की काळ बदलला. अमेरिकन मालिका बघत असाल तर "आय ऑलरेडी एट" असंही ऐकाल. अमेरिकेत ते चालतं, त्याने गोंधळू नका. पण "हॅव" आणि "यस्टर्डे" एकत्र तिकडेही चालत नाहीत.

दुसरं वाक्य मुंबईतल्या प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. "मी सहा वर्षांपासून हे काम बघतोय." त्यात आपल्याला दोन ठिकाणी ठेच लागते. मराठीत चालू असलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगितली की पुरतं. इंग्रजीला तिची सुरुवातही क्रियापदात हवी असते, म्हणून "हॅव बीन हँडलिंग". दुसरी ठेच "पासून"ची. "२०१४ पासून" आणि "सहा वर्षांपासून" दोन्हीकडे आपला एकच "पासून". इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर "सिन्स" आणि मधली लांबी सांगायची असेल तर "फॉर". तुमचं वाक्य: "आय हॅव बीन हँडलिंग धिस वर्क फॉर सिक्स इयर्स."

याचा सराव तुम्ही रोज ज्या मेट्रोत बसता तिच्यावरच करा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. "द मेट्रो ओपन्ड इन २०१४" हा संपलेला क्षण. "द मेट्रो हॅज बीन रनिंग सिन्स २०१४" ही चालू गोष्ट. "बिफोर दॅट, पीपल यूज्ड टु टेक द बस" म्हणजे "त्याआधी लोक बसने जायचे". आपल्याकडचा "जायचे" इथे नीट कामाला येतो. शाळेत रीतिभूतकाळ शिकलात, त्याचं इंग्रजी बहुतेक वेळा "यूज्ड टु" होतं. तसंच लोकलचं. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. आता "सिन्स १९२५" घालून एक वाक्य करा, "फॉर" घालून एक, "इन १९२५" घालून एक. तिन्ही वाक्यांत क्रियापद का बदललं हे मोठ्याने मराठीत सांगा. मराठीत सांगायचं, यावर माझा भर असतो. ज्या भाषेत विचार पक्का होतो तिच्यात कारण सांगितलं की ते टिकतं. "इंग्रजी शिकताना मराठीचा शब्द नको" हा आग्रह मला कधीच पटला नाही. चूक मराठीच्या वाटेने येत असेल तर ती वाट आपल्याला माहीत हवी.

तिसऱ्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे मराठी आणि इंग्रजी खरोखर वेगळा विचार करतात. "पैसे असते तर घर घेतलं असतं." हे वाक्य आजबद्दल आहे की दहा वर्षांपूर्वीबद्दल? सांगता येत नाही. आजूबाजूच्या बोलण्यावरून कळतं आणि मराठीला तेवढं पुरतं. इंग्रजी मात्र अडून बसते: आजचं बोलताय की तेव्हाचं? आजचं असेल तर "इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ हाउस." तेव्हाचं असेल तर "इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस." तुमचं वाक्य गेल्या आठवड्याचं आहे, म्हणून "इफ आय हॅड हॅड द ओल्ड फाइल्स, आय वुड हॅव फिनिश्ड इट लास्ट वीक." लागोपाठ दोन "हॅड" दिसले की टायपिंगची चूक समजून अनेक जण एक खोडतात. खोडू नका, पहिला मदतीला आलेला आहे आणि दुसरा "असणं" सांगणारा आहे.

यात आणखी एक गुंता आहे. "उद्या पाऊस पडला तर मी घरून काम करीन" यात पाऊस उद्याचा आहे आणि रूप "पडला", भूतकाळाचं. इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ: "इफ इट रेन्स टुमॉरो, आय विल वर्क फ्रॉम होम." "विल" आणि "वुड" दुसऱ्या भागात राहतात. विनंतीची काही ठरावीक वाक्यं सोडली तर "इफ"च्या भागात त्यांना घेऊ नका. तुमच्या वाक्यातला "इफ आय वुड हॅव" तेवढ्याने जाईल.

यासाठी रोज घरी परतताना एकाच प्रवासाची तीन वाक्यं करायची. उद्याबद्दल एक: "इफ द ट्रेन इज लेट, आय विल टेक द नेक्स्ट वन." आत्ताच्या न घडणाऱ्या गोष्टीबद्दल एक: "इफ आय लिव्ह्ड इन अंधेरी, आय वुड वॉक टु द ऑफिस." आज हातातून गेलेल्या गोष्टीबद्दल एक: "इफ आय हॅड लेफ्ट टेन मिनिट्स अर्लियर, आय वुड हॅव कॉट द ८:१२." तिन्ही तुमच्या जगण्यातलीच हवीत. पुस्तकातल्या जॉन आणि मेरीचं काय झालं असतं याच्याशी मनाचं काही देणंघेणं नसतं, म्हणून ती वाक्यं राहत नाहीत.

चौथं वाक्य लवकर सुटेल. "मीटिंग कधी सुरू होईल ते सांगा." मराठीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला तरी तसाच राहतो. इंग्रजीत पोटात गेला की त्याचा क्रम साध्या विधानासारखा होतो: "प्लीज टेल मी व्हेन द मीटिंग विल स्टार्ट." कानावर पडलेल्या प्रत्येक इंग्रजी प्रश्नाला आठवडाभर "कुड यू टेल मी" लावून बघा. "व्हेअर इज द फाइल?" चं "कुड यू टेल मी व्हेअर द फाइल इज?" आठ दिवसांत जीभ वळते.

पाचवं वाक्य आर्टिकल्सचं. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते कळणारच नाही, असं लोक धरून चालतात. पण "ठराविक की कोणतंही" हा फरक मराठीला नीट माहीत आहे. "आम्ही मुलगी बघतोय" आणि "आम्ही मुलीला बघतोय" यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात स्थळं शोधणं चाललंय, कोणती मुलगी ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्यात मुलगी समोर आहे. इंग्रजीत हेच काम "अ" आणि "द" करतात. तुमचं वाक्य ऐकून समोरचा "कोणता?" असं विचारेल का? विचारू शकत असेल तर "अ", त्याला आधीच माहीत असेल तर "द". मार्चचा रिपोर्ट तुमच्या ऑफिसात एकच आहे, साहेब "कोणता?" म्हणणार नाहीत, म्हणून "आय नीड द मार्च रिपोर्ट". आणि "फीडबॅक" इंग्रजीत मोजत नाहीत. "इन्फॉर्मेशन", "ॲडव्हाइस", "फर्निचर" यांच्यासारखंच त्याला शेवटी "स" नाही. तुमच्या मनात सर्वसाधारण फीडबॅक आहे, म्हणून त्याच्या आधी "द"ही नको: "टु गिव्ह फीडबॅक". आपण चार सल्ले देतो आणि केस कापले म्हणतो, म्हणून "ॲडव्हाइसेस" आणि "हेअर्स" तोंडात येतात.

आर्टिकल्सचा नियम वाचून फार फरक पडत नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्याला एकच उपाय मला गुणकारी वाटला. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद, साधारण शंभर शब्दांचा, फोनवर उतरवून घ्या आणि त्यातले सगळे "अ", "ॲन", "द" पुसून टाका. दुसऱ्या दिवशी गाडीत बसायला जागा मिळाली की ते परत भरा आणि मूळाशी ताडून बघा. इथे रिकाम्या जागा नाहीत, आर्टिकल कुठे हवं तेही तुम्हालाच ओळखायचंय. पहिल्या आठवड्यात निम्मी चुकतील. घाबरू नका, आठवड्यातून तीनदा करत राहा.

आता मुख्य सरावाबद्दल. "इंग्रजी सिनेमे बघा, आपोआप येईल" हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. ऐकल्याने समज वाढते हे खरं. पण कॅनडात फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजी घरच्या मुलांचा अभ्यास भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडला. ती मुलं वर्षानुवर्षं वर्गात फ्रेंच ऐकत होती, त्यांना समजतही उत्तम होतं, तरी बोलण्या-लिहिण्यात व्याकरण मागे होतं. ऐकताना संदर्भावरून अर्थ लागतो, व्याकरणाकडे बघायची गरजच पडत नाही. स्वतः वाक्य करायला गेलो की कुठे अडतंय ते कळतं. त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या मनातल्या मधल्या भाषेबद्दल लिहिलं. ती पूर्ण पहिली भाषाही नसते आणि पूर्ण दुसरीही नसते, आणि काही चुका तिच्यात दगडासारख्या घट्ट बसतात. तुमचा "सिन्स सिक्स इयर्स" तसा बसलाय, कारण तो बोलल्याने कधी काही अडलं नाही. ऑफिसात सगळ्यांना कळतं. आपापसात बोलताना त्याची लाज वाटायचं काहीच कारण नाही. पण लंडनच्या ऑफिसला लिहिताना तो खटकेल आणि पुढे आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची वेळ आली तर लेखन आणि बोलणं दोन्हींत चार निकषांपैकी एक पूर्ण निकष व्याकरणाचा असतो. त्यात अचूकपणाबरोबर वाक्यरचनांची विविधताही बघतात. म्हणजे चूक टाळायला सोपी सोपी वाक्यं लिहीत राहिलात तरी गुण जातात.

म्हणून रोज संध्याकाळी डोंबिवली स्टेशनपासून घरापर्यंत चालताना फोनवर दोन मिनिटं बोला. कालचा दिवस, आजची मीटिंग, काहीही. रेकॉर्ड करा. रात्री ते ऐकून जसंच्या तसं लिहून काढा, अडखळणं आणि चुका सगळं. मग त्यातली एकाच प्रकारची चूक दुरुस्त करा. या महिन्यात फक्त "हॅव" आणि साधा भूतकाळ, बाकीच्यांकडे दुर्लक्ष. हे अवघड जातं, लाल पेन घेऊन सगळं खोडावंसं वाटतं. पण एका वेळी दहा गोष्टींवर लक्ष ठेवून कोणी बोलू शकत नाही. माझ्याकडे लालबागहून एक बाई यायच्या, बिलिंग काउंटरवर काम करणाऱ्या. त्यांनी चार महिन्यांत चारच चुका धरल्या. बोलताना मधेच थांबून स्वतःला दुरुस्त करायला लागल्या, तेव्हा मी ओळखलं की आता काम होणार. ते थांबणं म्हणजे बिघाड नाही. निवड करायची जागा दिसायला लागल्याची ती खूण आहे, आणि काही आठवड्यांनी थांबणं आपोआप कमी होतं.

दुरुस्त केलेली वाक्यं एका वहीत जातात. पानाला मधोमध घडी, डावीकडे तुमचं मराठी वाक्य, उजवीकडे बरोबर इंग्रजी. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून तोंडी म्हणायचं, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगाने होतं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या लांबवत न्यायच्या. वाक्य चुकलं तर ते परत पहिल्या दिवसावर. वहीत एका वेळी चाळीसपेक्षा जास्त वाक्यं ठेवू नका.

फोनवरच्या चॅटबॉटकडून चुका तपासून घ्यायला माझी हरकत नाही, पण "दुरुस्त कर" असं सांगू नका. "कोणत्या ओळीत चूक आहे तेवढंच सांग, काय चूक आहे ते सांगू नकोस" असं सांगा. शोधायचं काम तुमच्याकडे राहिलं पाहिजे.

आणि ते पुस्तक. ते फेकू नका, पण उलटसुलट वापरा. काळांचे दहा धडे घ्या, प्रत्येकातलं फक्त तिसरं आणि सातवं वाक्य कोऱ्या कागदावर, धड्याचं नाव न लिहिता उतरवा, कागद दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग सोडवा. २० पैकी १८ वरून ११-१२ वर याल. हा आकडा तुमच्या ईमेलशी जास्त जुळतो, म्हणून पुढची प्रगती याच कागदावर मोजा.

काही गोष्टी आत्ता सोडून द्या. शाळेत "डू ॲज डायरेक्टेड" मध्ये "रिमूव्ह टू" आणि "नो सूनर दॅन" घोटून घेतलेलं असतं, त्याचा तुमच्या ईमेलला उपयोग नाही. "चेंज द व्हॉइस" सुद्धा गणितासारखं नको. पॅसिव्ह लागतं ते वेगळ्या ठिकाणी. आपण "व्हीटीचं नाव १९९६ मध्ये बदललं" म्हणतो, कोणी बदललं ते सांगत नाही आणि वाक्य अडत नाही. इंग्रजीत तिथे "व्हीटी वॉज रीनेम्ड इन १९९६" म्हणावंच लागतं. कर्ता सांगायचा नाही असं मराठी वाक्य दिसलं की पॅसिव्हचा विचार करा, एवढं आत्ता पुरे.

वेळ म्हणाल तर रोज २५ मिनिटं: गाडीत दहा, चालताना दोन-तीन, उरलेली रात्री वहीसाठी. रविवारी सुट्टी घ्या.

सुरुवात मात्र या शनिवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करा. पाठवलेल्या मेल्सचं फोल्डर उघडा आणि शोधायच्या चौकटीत "सिन्स" टाका. मग "यस्टर्डे", मग "इफ". प्रत्येकाची शेवटची दहा वाक्यं कागदावर उतरवा आणि त्यांतली बरोबर किती ते मोजा. सगळी चुकीची निघणार नाहीत. जी बरोबर आहेत ती का बरोबर आली, तेही प्रत्येकासमोर मराठीत एका ओळीत लिहा.